कझाकस्तानातली उधारी

कझाक माणसाच्या घरी चहाला गेलात आणि वाटी अर्धीच भरून पुढे आली, तर यजमान कंजूष आहे असे समजू नका. बिनकानाच्या त्या वाटीला तिथे 'केसे' म्हणतात. घरची सून ती थोडी थोडी पुन्हा पुन्हा भरत राहते. त्यामुळे चहा गरम राहतो आणि पाहुणाही बसून राहतो. वाटी काठोकाठ भरली, तर 'आता निघा' असा त्याचा अर्थ! मला हे कळायला वर्ष लागले. तोवर मीच 'पूर्ण भरा' असे सांगत असे, आणि घरची मंडळी एकमेकांकडे पाहत.

2009 साली पुण्याच्या एका औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून मी अल्माटीला गेलो आणि अकरा वर्षे राहिलो. हा देश महाराष्ट्राच्या जवळजवळ नऊपट मोठा, पण लोकसंख्या आजही दोन कोटींच्या आसपास. जगातल्या युरेनियमपैकी सुमारे 40 टक्के इथे निघते. तरी देशाचा संसार चालतो तो कॅस्पियन समुद्राकडच्या खनिज तेलावर, आणि बाहेर जाणारे बहुतेक तेल रशियातून काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या एकाच मोठ्या वाहिनीतून जाते. म्हणजे भाव ठरवणार जगाचा बाजार आणि वाट शेजाऱ्याच्या अंगणातून. औषधे विकणाऱ्याला याचे काय, असे मला वाटे.

2015 च्या ऑगस्टमध्ये त्याचे उत्तर मिळाले. आम्ही माल डॉलरमध्ये आणायचो आणि तेंगे या तिथल्या चलनात, तीन महिन्यांच्या उधारीवर विकायचो. 2014 च्या मध्यापासून तेलाचे भाव उतरू लागले. पाठोपाठ रशियाचा रुबल कोसळला. तिकडच्या वस्तू इतक्या स्वस्त झाल्या की लोक मोटारी घ्यायला रशियात जाऊ लागले. कझाकस्तानची मध्यवर्ती बँक गंगाजळीतले डॉलर विकून तेंगेला आधार देत होती. 20 ऑगस्टला तिने तो आधार काढून घेतला. आदल्या दिवशी 188 तेंगेला असलेला डॉलर 255 वर गेला.

दक्षिणेतल्या शिमकेंत शहरात आमचा एक वितरक होता. त्याच्याकडे चार कोटी तेंगे येणे होते. त्याचे आदल्या दिवशी दोन लाख बारा हजार डॉलर झाले असते, आता एक लाख सत्तावन्न हजारच होणार होते. कराराप्रमाणे तो फक्त तेंगे देणे लागत होता. दुसऱ्या एका बड्या ग्राहकाने तेच केले. ठरल्या तारखेला ठरलेला आकडा भरला. त्याला बोल लावता येत नाही.

मी रात्रीच्या गाडीने शिमकेंतला गेलो. त्याने दुकानात न नेता थेट घरी नेले. जेवणाचा दस्तरखान मांडलेला. मानाचा पाहुणा म्हणून माझ्यापुढे मेंढीचे शिजवलेले डोके आले. पाहुण्याने ते कापून वाटायचे असते. कान मुलांना द्यायचा, वडीलधाऱ्यांचे ऐकावे म्हणून. त्याच्या आईने मला माझ्या सात पूर्वजांची नावे विचारली. सात पिढ्यांत नाते निघाले तर कझाकांत लग्न होत नाही, म्हणून ही नावे पाठ असावी लागतात. मी पणजोबांपाशी अडलो. मग आमच्याकडे सगोत्र विवाह टाळतात हे सांगितले, तेव्हा म्हातारीचे समाधान झाले.

पैशांचा विषय तीन तास निघाला नाही. निघाला तेव्हा दहा मिनिटांत संपला. "विकलेल्या मालाचे पैसे मी जुन्या भावात वसूल केलेत, ते तेंगेतच देईन. गोदामात पडून असलेल्या मालाचे मात्र जुन्या दराने जेवढे डॉलर होतात, तेवढ्यांची भरपाई करीन. पण हप्त्याने," तो म्हणाला. अंदाजे निम्मा माल शिल्लक होता. कागद झाला नाही.

यावरून तिथली माणसे भोळी आहेत असा समज करून घेऊ नये. 1930 नंतर सोव्हिएत राजवटीने भटक्या पशुपालकांची गुरे काढून घेतली, त्यांना सक्तीने एका जागी बसवले. त्या दुष्काळात सुमारे 15 लाख माणसे मेली. ज्यांना नातलगांनी सामावून घेतले त्यांतले काही तगले. नाते ही तिथली विमा पॉलिसी आहे, आणि हप्ते जबर असतात. त्या वितरकाने एका निरुपयोगी भाच्याला नोकरीवर ठेवले होते. मुलाच्या लग्नाच्या 'तोय'ला, म्हणजे मेजवानीला, त्याने तीनशे माणसे बोलावली होती, तीही बँकेचे कर्ज काढून. नात्याबाहेरच्या हुशार पोराला तिथे शिरकाव मिळणे कठीण, हेही मी पाहिले. मी आत होतो तो पाहुणा म्हणून.

जानेवारी 2016 मध्ये डॉलर 380 तेंगेपर्यंत चढला. त्याचे हप्ते लांबले, पण आले. शेवटचा मे महिन्यात आला. मुलाच्या लग्नाचे कर्ज मात्र तो पुढे दोन वर्षे फेडत होता.