कॅम्पर व्हॅनमधील स्वयंपाकगॅस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, म्हणजे कॅम्पर व्हॅन, घेऊन कोकणापासून लडाखपर्यंत जाण्याची कल्पना आता मराठी कुटुंबांना परकी राहिलेली नाही. अशा गाडीत शेगडीसाठी, आणि थंड प्रदेशात उबेसाठीही, सर्वांत सहज मिळणारे इंधन म्हणजे एलपीजी, अर्थात दाबाखाली द्रवरूप केलेले प्रोपेन व ब्यूटेन या दोन वायूंचे मिश्रण. हे इंधन घरोघरी रोजच्या वापरात असल्यामुळे त्याची पुरेशी माहिती सर्वांनाच आहे असे गृहीत धरले जाते. परंतु घरच्या स्वयंपाकघरात आलेल्या अनुभवावर आधारलेल्या कित्येक समजुती दहा-अकरा घनमीटरांच्या बंद गाडीत लागू पडत नाहीत, आणि त्यांपैकी काही थेट जिवावर बेततात.

सर्वांत रूढ समज असा, की खरा धोका सिलिंडर फुटण्याचा असतो. वस्तुतः पोलादी सिलिंडर आतल्या नेहमीच्या दाबाच्या कितीतरी अधिक दाबावर तपासलेला असतो, उष्णतेने द्रव प्रसरण पावला तरी त्याला जागा राहावी म्हणून तो कधीही काठोकाठ भरला जात नाही, आणि बाहेरून आगीने वेढला गेल्याखेरीज तो आपण होऊन फुटण्याची शक्यता फारच कमी असते. धोका असतो तो सिलिंडरमधून नकळत बाहेर पडलेल्या वायूचा. द्रव एलपीजी वायुरूप होताना सुमारे २५० पट जागा व्यापतो, आणि हवेतील त्याचे प्रमाण साधारणपणे २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान असले की एखादी ठिणगी ते मिश्रण पेटवण्यास पुरेशी ठरते. अकरा घनमीटरांच्या गाडीत सर्वत्र २ टक्के प्रमाण होण्यासाठी जेमतेम अर्धा किलो वायू लागतो. प्रत्यक्षात त्याहूनही कमी पुरतो, कारण प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट व ब्यूटेन सुमारे दुप्पट जड असल्यामुळे गळालेला वायू गाडीभर सारखा पसरत नाही, तर जमिनीलगत, पलंगाखालच्या खणांत आणि बॅटरीच्या आसपास साचून राहतो.

यातूनच ‘खिडकी उघडली की गॅस निघून जातो’ या दुसऱ्या समजाचे उत्तर मिळते. खिडकी छातीच्या उंचीवर असते आणि वायू पायांशी साचलेला असतो. म्हणूनच युरोपात कॅरॅव्हॅनमधील गॅसव्यवस्थेसाठी असलेल्या ईएन १९४९ या मानकाप्रमाणे सिलिंडरचा कप्पा राहण्याच्या जागेपासून हवाबंद रीतीने वेगळा ठेवला जातो आणि कप्प्याच्या तळाशी थेट गाडीबाहेर उघडणारे छिद्र ठेवले जाते, जेणेकरून गळती झालीच तर वायू आपल्या वजनानेच खाली उतरून बाहेर पडावा. हौसेने घडवलेल्या गाड्यांत सिलिंडर अनेकदा सिंकखालच्या सुबक कपाटात, इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवलेला आढळतो. कपाटाची कारागिरी कितीही उत्तम असली तरी तळाला छिद्र नसलेले असे कपाट वायू साठवणारी पेटीच ठरते.

वास आला नाही म्हणजे गळती नाही, हाही निष्कर्ष घाईचा आहे. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे गंधकयुक्त रसायन मिसळलेले असते. त्या वासाला नाक लवकर सरावते, आणि गाढ झोपेत वासाने जाग येईलच याची खात्री नसते. त्यासाठी गॅस ओळखणारे सूचक यंत्र लागते, आणि ते छताजवळ नव्हे तर जमिनीलगत बसवावे लागते.

या सर्वांपेक्षा घातक समजूत मात्र शेगडीविषयीची आहे. स्वयंपाक झाल्यावर बर्नर मंद ठेवला की गाडी उबदार राहते आणि ज्योत निळी आहे तोवर काळजीचे कारण नाही, असे मानणारे प्रवासी पुष्कळ आहेत. शेगडीचा एक मोठा बर्नर तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस जाळतो असे धरले, तर तेवढ्या ज्वलनासाठी जवळजवळ २ घनमीटर हवेतील सगळा ऑक्सिजन खर्ची पडतो. गाडी पूर्णपणे बंद असेल, तर तासाभरात आतल्या हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, जे मोकळ्या हवेत ०.०४ टक्क्यांच्या आसपास असते, सुमारे २ टक्क्यांवर जाऊन पोहोचते. ऑक्सिजन असा कमी होत गेला की ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड हा रंग, वास व चव नसलेला विषारी वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते, त्यामुळे हवेतील त्याचे अल्प प्रमाणही तासन्‌तास श्वासात गेल्यास प्राणघातक ठरते. पिवळी, काजळी धरणारी ज्योत ही धोक्याची खूण खरी, पण निळी ज्योत ही निर्धोकपणाची हमी नव्हे. बर्नरवर मोठ्या बुडाचे भांडे ठेवून ज्योत दबली किंवा थंडावली तरीही ज्वलन अपुरे राहते.

उंच प्रदेशात हा प्रश्न अधिक बिकट होतो, आणि तेथे तो ओळखूही येत नाही, याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. म्हणजे त्याच गाडीत मुळातच एक-तृतीयांश ऑक्सिजन कमी असतो आणि शेगडी तो तितक्याच वेगाने खर्च करते. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची प्राथमिक लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि ग्लानी, आणि उंचीवर विरळ हवेमुळे होणाऱ्या त्रासाचीही नेमकी हीच लक्षणे असल्याने प्रवासी त्यांचा संबंध उंचीशी जोडून, दार लावून, शेगडीच्या उबेत विश्रांती घेतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, जे लडाखला जाणारे बहुतेक जण हल्ली सोबत नेतात, येथे दिशाभूल करते, कारण नेहमीच्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धारण केलेले आणि कार्बन मोनॉक्साइड धारण केलेले हिमोग्लोबिन यांतील फरक कळत नाही व त्यावरील आकडा प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. गाडीतील सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि मोकळ्या हवेत गेल्यावर उतरू लागले, तर उंचीआधी ज्वलनाचा संशय घेणे शहाणपणाचे ठरते. झोपण्याच्या जागेजवळ डोक्याच्या उंचीवर बसवलेले कार्बन मोनॉक्साइड सूचक हे या बाबतीत एकमेव भरवशाचे साधन आहे, आणि जमिनीलगतच्या गॅससूचकाने त्याचे काम होत नाही.

मग एलपीजीवर गाडी उबदार करणे अशक्यच आहे का? तसे मुळीच नाही. कॅरॅव्हॅनसाठी बनवलेल्या हीटरमध्ये ज्वलनकक्ष राहण्याच्या जागेपासून पूर्णपणे वेगळा असतो. ज्वलनासाठी लागणारी हवा तो बाहेरून घेतो, धूरही बाहेर सोडतो, आणि आतली हवा केवळ तापलेल्या धातूच्या पृष्ठभागावरून फिरून गरम होते. ज्योत विझल्यास गॅसचा प्रवाह आपोआप बंद करणारी झडपही त्यात असते, जी भारतातील बहुतांश घरगुती शेगड्यांत नसते. उघड्या ज्योतीने हवा कोरडी होते ही समजूतही येथेच दुरुस्त करावी लागते, कारण एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ निर्माण होते. ती बंद गाडीत थंड काचांवर व पत्र्यावर जमते आणि अंथरूण ओले करते. धूर बाहेर सोडणाऱ्या हीटरमध्ये ही वाफदेखील बाहेर जाते. डिझेलवर चालणाऱ्या हीटरला ‘गॅस नाही म्हणून सुरक्षित’ मानले जाते, पण त्याच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतोच, आणि धुराड्याचा सांधा सैल झाला तर तोही तितकाच घातक ठरतो.

थंडीत गॅस गोठतो, असे सर्रास म्हटले जाते. ब्यूटेन गोठण्यासाठी उणे १३८ अंश सेल्सिअस तापमान लागते, तेव्हा गोठण्याचा प्रश्नच नाही. घडते ते इतकेच, की द्रवाचे वायूत रूपांतर होणे थांबते. समुद्रसपाटीच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहतो, पण साध्या ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. मिश्रणातून प्रोपेन आधी निघून जातो, मागे ब्यूटेनचे प्रमाण वाढत जाते, शिवाय बाष्पीभवनाने सिलिंडर स्वतःच अधिक थंड होतो, आणि हिवाळ्यातील पहाटे अर्धा भरलेला सिलिंडरही रिकामा वाटू लागतो. लेहच्या उंचीवर कमी दाबामुळे ब्यूटेन उणे १२ अंशांच्या सुमारास उकळतो, त्यामुळे थोडी सवलत मिळते, परंतु तेथील हिवाळी रात्रींना ती पुरत नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात फिरणारे लोक याच कारणाने निव्वळ प्रोपेनचा सिलिंडर वापरतात. भारतातील घरगुती पुरवठा मात्र मिश्रणाचाच असतो. अशा वेळी सिलिंडरवर उकळते पाणी ओतणे किंवा त्याखाली ज्योत धरणे हा अत्यंत धोकादायक उपाय आहे. सिलिंडर आडवा करणेही तितकेच अयोग्य, कारण त्यामुळे वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये, म्हणजे दाब कमी करणाऱ्या झडपेत, शिरतो आणि शेगडीवर भडका उडतो.

घरचा सिलिंडर उचलून गाडीत ठेवला तरी चालते, हा समज कायद्यालाही धरून नाही. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकापुरताच दिलेला असतो, आणि एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस भरून घेण्यास २००० सालच्या एलपीजी पुरवठा आदेशाने मनाई आहे. प्रवासासाठी ओळखपत्र दाखवून बाजारभावाने मिळणारा ५ किलोचा सिलिंडर हा वैध आणि आकारानेही सोयीचा पर्याय आहे. तो उभा आणि पट्ट्याने घट्ट बांधलेला असावा. घरात वर्षानुवर्षे न हलणारी नळी गाडीत सतत हादरे सोसते व कडांवर घासते, म्हणून कायम बसवलेला धातूचा पाइप आणि त्याला जोडणारी शक्य तितकी आखूड नळी अशी रचना करून तिचे सांधे प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी साबणाच्या पाण्याने तपासावे लागतात. काडी ओढून गळती शोधण्याची पद्धत गाडीत तर प्राणघातक आहे. गाडी चालू असताना सिलिंडरची झडप बंद ठेवावी. प्रवासातच उष्णता हवी असेल, तर अपघाताच्या धक्क्याने वा नळी तुटल्यास गॅस आपोआप तोडणारी यंत्रणा युरोपातील गाड्यांत बसवलेली असते, आणि ती नसलेल्या गाडीत गाडी थांबल्याखेरीज हीटर लावता येत नाही.