वीज कडाडते तेव्हा आसरा कोठे घ्यावा?



उन्हाळ कांद्याची काढणी आणि वळवाचा पाऊस एकाच वेळी येतात. ढिगावर ताडपत्री ओढायची आणि बांधावरच्या आंब्याखाली पळायचे, ही आपली जुनी सवय. तीच जिवावर बेतते. उंच झाडावर वीज पडली की ती खोडातून खाली येताना शेजारच्या माणसावर झेपावते, शिवाय मुळाभोवती जमिनीत पसरते. झाडाखाली बांधलेली जनावरे दगावतात ती यामुळेच. त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून जमिनीतली वीज एका पायाने चढून अंगातून जाते.

द्राक्षाचा मांडव हाही आसरा नव्हे; त्याच्या तारा वीज लांबवर नेतात. उघडी कांदाचाळही नको. पक्के घर किंवा बंद जीप गाठावी.

वीज चमकली की आकडे मोजा. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच काम सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. कांदा भिजला तर भिजू द्या!

जवळ काहीच नसेल तर झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. बेलाशक हात लावा. श्वास थांबला असेल तर छाती जोरजोरात दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा.