हृदयापर्यंत चढलेली गाठ

बुलढाणा जिल्ह्यातून किडनीच्या कॅन्सरचे रुग्ण मुंबईला येतात ते बहुतेकदा लघवीतून रक्त गेलं म्हणून. कधी दोन्ही पाय सुजलेले असतात. किडनीत गाठ दिसली की सोनोग्राफीचा प्रोब तिथंच थांबवता येतो. पण चिखली-मेहकरकडचे काही डॉक्टर तो किडनीच्या शिरेवरून यकृतामागं, वर वर नेत राहतात. मला त्यांचं फार मोल वाटतं. किडनीचा कॅन्सर शिरेत शिरून रक्ताच्या प्रवाहाबरोबर वर वाढतो. शंभरातल्या चार ते दहा जणांत असं होतं, आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत तो साधारण एखाद्यातच पोचतो.

"कॅन्सर किडनीचा, मंग छाती काहून उघडता?" शस्त्रक्रियेआधी नातेवाईक विचारतात. मी सांगते, गाठ तशीच राहिली तर हिशेब महिन्यांचा. कॅन्सर इतरत्र पसरलेला नसेल आणि गाठ पूर्ण निघाली, तर जवळजवळ निम्मे रुग्ण पाच वर्षं पार करतात.

भूल दिल्यावर मी अन्ननलिकेतून इकोचा प्रोब घालते. पडद्यावर गाठीचं करडं टोक प्रत्येक ठोक्यासरशी हेलकावतं. तिकडे सर्जन किडनीची धमनी बांधून किडनी मोकळी करतात, पण शिरेला धक्का लागू देत नाहीत. तुकडा सुटला तर तो थेट फुप्फुसाच्या धमनीत जातो आणि रुग्ण टेबलावरच दगावू शकतो.

मग हार्ट-लंग मशीन. सर्जन गिबन यांनी 1953 साली फिलाडेल्फियात ते पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं. आम्ही त्यावर शरीर 18 अंशांपर्यंत थंड करतो आणि पंपही थांबवतो. रक्त फिरतच नाही, म्हणून अर्ध्या तासाच्या आत काम उरकायचं. एक सर्जन हृदयाचा कप्पा उघडतो, दुसरा पोटातली शीर. गाठ भिंतीला चिकटलेली नसेल तर अखंड सरकून येते. चिकटली असेल तर भिंतही कापून तिथं पॅच शिवावा लागतो.

खरी झुंज त्यानंतर. शरीर हळूहळूच गरम करावं लागतं, आणि थंड पडलेलं रक्त लवकर गोठत नाही. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपारिन उतरवायला प्रोटामिन, मग प्लाझ्मा, प्लेटलेट. मलकापूरहून रात्रीच्या गाडीनं आलेले भाऊ-पुतणे रक्तपेढीत रांगेला उभे असतात. कधी रक्त थांबतच नाही. मग पोटात पॅक ठेवून जखम दुसऱ्या दिवशी बंद करतात. तेव्हा त्यांना समजवायला मी स्वतः बाहेर जाते.