जात्यावर बसले की ओवी सुचते: ओरत्तनाडूच्या वाटेवरची गाणी आणि आठवणी

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडू लागते. सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी इथे मुक्तांबाळ छत्र उभारले. मुक्तांबा ही त्यांची प्रिय सखी. आपल्या नावाने वाटसरूंसाठी अन्नछत्र व्हावे, अशी तिची शेवटची इच्छा होती, असे सांगतात. तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी अनेक छत्रे बांधली. तिथे यात्रेकरूंना जेवण, आजाऱ्यांना औषध आणि मुलांना शिक्षण मिळे.

एका माणसाची आठवण रोजच्या जेवणाशी बांधली की ती टिकते, हे त्या छत्रामागचे शहाणपण. गाणेही आठवणी असेच जपते, वेळेशी, कामाशी आणि माणसांशी बांधून. आपल्याकडे म्हणतातच, जात्यावर बसले की ओवी सुचते. कावेरीच्या या मुलखात त्या म्हणीचा अर्थ फार स्पष्ट दिसतो.

चाल ऐकली की दिवस का आठवतो?

गाणे मेंदूत एकाच कप्प्यात पडून राहत नाही. सूर, ताल, शब्द, हातापायांची हालचाल आणि त्या वेळची भावना, हे सगळे एकमेकांत गुंफले जाते. त्यातला एक धागा ओढला की बाकीचे मागोमाग येतात. ओळखीचे गाणे आणि त्याला चिकटलेली आठवण कपाळामागच्या, मेंदूच्या पुढच्या भागात जुळतात, असे संशोधक पेत्र जनाटा यांनी 2009 साली मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले.

गाण्याने मनःस्थिती पालटते, त्याचेही कारण शरीरात आहे. आवडत्या गाण्याने अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवते, आणि ते गाणे रंगण्याआधी, नुसत्या चाहुलीनेच स्रवू लागते. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी 2011 साली हे मांडले. पुढचा सूर कोणता येणार हे ठाऊक असणे, हा त्या आनंदाचा मोठा भाग आहे. म्हणून ऐकलेलेच गाणे पुन्हा ऐकावेसे वाटते.

ठरलेल्या ऋतूचे ठरलेले गाणे

तमिळ मुलखात मार्गळी महिना साधारण 16 डिसेंबरला लागतो आणि पोंगल सणाच्या आदल्या दिवशी संपतो. संत कवयित्री आंडाळच्या तिरुप्पावैमध्ये 30 पदे आहेत, रोज पहाटे एक. थंडी, दारातले मोठे कोलम (रांगोळी), देवळातला गरम पोंगल आणि ते पद, सगळे एकत्र येते आणि वर्षभर गप्प राहते. पुढच्या मार्गळीत पहिले पद कानी पडले की लहानपणच्या पहाटा जाग्या होतात. आपल्याकडे कार्तिकातला काकडा हेच काम करतो.

मासी महिन्यात, म्हणजे आपल्या शिमग्याच्या सुमारास, तंजावर भागात कामदहनाचा उत्सव होतो. तिथे जी लावणी रंगते ती तमिळ, पण नाव आणि रीत मराठ्यांबरोबर गेलेली. एक पक्ष म्हणतो मदन जळाला, दुसरा म्हणतो जळाला नाही, आणि रात्रभर गाण्यातून सवाल-जवाब होतात. आपल्या कलगी-तुऱ्याचेच हे भावंड. हट्टाने वाद घालणाऱ्या दोघांना तमिळ माणूस आजही ‘एरिंद कच्चि, एरियाद कच्चि’ म्हणतो, म्हणजे जळालेला पक्ष आणि न जळालेला पक्ष. उत्सवातले गाणे असे रोजच्या बोलण्यात मुरले.

आयुष्याच्या वळणांवर

इथे बाळासाठी तालाट्टु आहे, भातलावणीसाठी नडवु पाट्टु आहे, लग्नात वधूवरांना झोपाळ्यावर बसवून म्हणायची ऊंजल गाणी आहेत, आणि मृत्यूनंतर बायका मोकळ्या गळ्याने गातात ती ओप्पारी आहे. दुःखालाही चाल दिली की ते एकटीचे राहत नाही. बाकीच्या बायका ती ओळ उचलतात आणि भार वाटून घेतला जातो.

लग्नातला एक क्षण जवळून पाहावा. नादस्वरम् वाजवणारा एखादा राग सावकाश उलगडत असतो. वडीलधाऱ्यांपैकी कुणी हात उंचावून खूण करते, ‘गेट्टिमेळम्!’ त्या क्षणी राग जिथल्या तिथे सुटतो, तविल (ढोल) जोरात कडाडू लागते, अक्षता पडतात आणि ताली (मंगळसूत्र) बांधली जाते. शिंक किंवा एखादा अशुभ शब्द कानावर पडू नये, म्हणून हा गजर. पन्नास वर्षांनी त्या वधूला भटजींचे मंत्र आठवणार नाहीत, पण दुसऱ्या कुणाच्या लग्नात तविल कडाडले की तिचा हात नकळत गळ्याकडे जाईल.

त्या वाद्यातही आठवण असते. कुंभकोणमजवळच्या नरसिंगमपेट्टैचे नादस्वरम् आच्चा नावाच्या लाकडाचे करतात, आणि त्यासाठी जुन्या घरांतून निघालेले, अनेक दशके सुकून घट्ट झालेले लाकूड पसंत करतात. ज्या लाकडाने कधी घर तोलले, तेच पुढे मंगलकार्यात सूर धरते.

दरबाराने दिलेली शिस्त

तंजावरच्या भोसले राजांना गाण्याचे वेड होते. तुळजाराजे पहिले यांनी ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ लिहिला. सरफोजींनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली. त्यांत जयजयपासून मंगलापर्यंत एकाच कथेला धरून 18 अंगे ओवलेली आहेत. त्यांच्याच दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ नावारूपाला आले. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला आजचा क्रम त्यांनी दिला. आज कुठल्याही शहरातली मुलगी पहिल्या जाहीर नृत्याला, अरंगेट्रमला, उभी राहते तेव्हा त्याच क्रमाने नाचते. वयात येतानाचा तिचा एक मोठा दिवस तंजावरच्या तालाशी जोडला जातो.

भाषा विसरली तरी चाल उरते

19व्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांची कीर्तने तंजावरात गाजली. त्यांच्या प्रभावातून तंजावूर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तन आणि कर्नाटक संगीत यांचा मेळ घालून तमिळ हरिकथा घडवली. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तिच्यात गेले. दक्षिणेच्या भजन संप्रदायातही अभंग रुजले. मराठी न येणारी माणसेसुद्धा ते तमिळ लिपीत लिहून घेऊन तन्मयतेने गातात. तंजावरच्या मराठी घरांतून मोडी लिपी गेली, बोलण्यात तमिळ मिसळले, पण विठ्ठलाची चाल राहिली.

माणसाच्या बाबतीतही असेच घडते. साधारण 10 ते 30 या वयात ऐकलेली गाणी सर्वांत खोल रुजतात. अल्झायमरच्या आजारात नावे आणि चेहरे निसटत असताना अशी गाणी बरीच उशिरापर्यंत टिकतात. लाइपझिगच्या संशोधकांनी 2015 साली त्याचे कारण सुचवले. ओळखीच्या संगीताची आठवण सांभाळणारे मेंदूचे भाग या आजारात तुलनेने उशिरा झिजतात.

मग आपण काय करावे?

काम गेले की गाणे जाते. घरात गिरणीचे पीठ आले आणि जात्यावरच्या ओव्या थांबल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून तो ठेवा हाती राहिला. आपल्या घरापुरते हे काम प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

- घरातल्या एका वेळेला एक गाणे द्या. दिवेलागणीला, बाळाच्या न्हाणीला, वाढदिवसाच्या सकाळी. दरवर्षी तेच ठेवा.
- गाणे नोंदवताना ते कुणाचे, कुठल्या प्रसंगाचे आणि कुठल्या गावचे, हेही लिहा. प्रसंगावाचून नुसते शब्द मुके असतात.
- विसरभोळ्या झालेल्या आजी-आजोबांना त्यांच्या तरुणपणीची गाणी ऐकवा आणि सोबत बसून म्हणा.

आणि आजीला ‘एखादे जुने गाणे सांग’ असे नुसते म्हणू नका. तिच्या हातात सूप आणि निवडायला तांदूळ द्या, शेजारी बसा आणि थोडे थांबा. हात चालू लागले की ओवी आपोआप येईल.