मोठे भाऊ : गादीवरचे आणि घरातले

आपल्या समाजातील एखादा कर्ता पुरुष निवर्तला की गुणानुवाद सभा भरते. वक्ते एकामागून एक उठतात. पहाटे चारला उठत, दुकान कधी बंद ठेवले नाही, पै-पैचा हिशेब चोख ठेवला, स्थानकाला सढळ हाताने दिले. सारे खरे असते. मात्र सभेतून घरी परतणाऱ्या नातवाला प्रश्न पडतो की हे आपलेच आजोबा होते काय? आमरसाच्या पंगतीत पैज लावणारे, पत्त्यांच्या डावात हळूच लबाडी करून पकडले गेल्यावर पोट धरून हसणारे आजोबा त्या भाषणांत कुठेच भेटत नाहीत. कष्टांची नोंद आपण ठेवतो. आनंदाची नोंद ठेवण्याची वही आपल्याकडे नाही.

या दृष्टीने भुसावळपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, जळगावात, होऊन गेलेल्या भवरलालजी जैन यांचे जीवन पुन्हा पाहण्यासारखे आहे. खानदेशात त्यांना ‘मोठे भाऊ’ म्हणत. ठिबक सिंचन, पद्मश्री, गांधी तीर्थ ही त्यांची ओळख सर्वांना आहे. चार पुत्रांचे पिता आणि नातवंडांचे आजोबा म्हणून त्यांनी मागे काय ठेवले, याची चर्चा कमी होते.

त्यांचे पूर्वज 1887 मध्ये राजस्थानातील आगोलाई या गावाहून पाण्याच्या आणि पोटाच्या शोधात निघाले आणि अजिंठ्याच्या पायथ्याशी, जामनेर तालुक्यातील वाकोद येथे स्थिरावले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. मारवाडातून आलेले एखादे पणजोबा, खेड्यातील लहानसे दुकान, शेतकऱ्याशी उधारी-उसनवारीचे आणि त्याहून अधिक जिव्हाळ्याचे नाते. अशाच घरात 12 डिसेंबर 1937 रोजी भवरलालजींचा जन्म झाला. वाणिज्य आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या त्यांनी मिळवल्या. राज्य सेवेची परीक्षा उत्तीर्ण होऊन राजपत्रित अधिकाऱ्याची नोकरीही समोर आली. त्या काळी वाकोदसारख्या गावातील मुलाला सरकारी अधिकारपद मिळणे म्हणजे काय, हे सांगायला नको. तरीही आई गौराबाईंचा सल्ला वेगळा पडला. माणसाबरोबर पशुपक्ष्यांचेही पोट भरेल, असे काहीतरी कर, असा त्या सल्ल्याचा आशय होता. मुलाने तो मानला.

1963 मध्ये जळगावात घासलेटच्या एजन्सीने व्यवसायाला आरंभ झाला. भांडवल 7,000 रुपये, आणि तीही तीन पिढ्यांची शिल्लक! ज्या घराने तीन पिढ्या काटकसर करून एवढीच पुंजी जमवली, त्या घरातील मुलाने निश्चित पगार सोडून ती पणाला लावावी, हे धाडस आज कागदावर वाचताना सोपे वाटते. रक्कम बुडाली असती तर एका माणसाचे नव्हे, सगळ्या एकत्र कुटुंबाचे बुडाले असते. पुढे ट्रॅक्टर, खते, बियाणे, कीटकनाशके, पीव्हीसी पाइप अशा एकेक एजन्सी जोडत गेल्या. ग्राहक मात्र तोच राहिला : शेतकरी. 1978 मध्ये केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना त्यांनी 30 लाख रुपयांना घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार करायला सुरुवात केली. जाणत्या मंडळींनी त्यावेळी मान डोलावली असेल असे वाटत नाही. त्यानंतर पाइपचे उत्पादन आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ठिबक.

रावेर, यावल, भुसावळकडच्या केळीवाल्याला विचारा, म्हणजे या कष्टांचे मोल कळेल. केळीला पाणी फार लागते आणि आपल्याकडे विहिरींची पातळी वर्षागणिक खाली जात होती. पाटाने पाणी सोडण्याऐवजी ते थेंबाथेंबाने मुळाशी देणे, आणि त्याच्या जोडीला ऊतिसंवर्धित रोपे लावणे, यांमुळे दीड वर्ष रेंगाळणारे पीक वर्षभराच्या आत-बाहेर हाती येऊ लागले. जीवदया हा शब्द आपण पांजरापोळापुरता ठेवतो. पाण्याचा थेंब वाचवणे हीही अहिंसाच नव्हे काय? जैन दर्शन तर अप्कायातही जीव मानते.

सारेच प्रयत्न फळले असे नाही. नव्वदच्या दशकात वित्त, माहिती तंत्रज्ञान अशा परक्या क्षेत्रांत कंपनी शिरली, अडचणीत आली आणि पुन्हा शेतीकडेच परतली. त्यातच हृदयविकाराचे दुखणे मागे लागलेले. व्यापाऱ्याच्या घरी असे दिवस येतात तेव्हा वडील गप्प होतात, आई सोन्याच्या बांगड्यांकडे पाहते, आणि मुलांना कोणी काही सांगत नाही. या कुटुंबात चारही पुत्र, अशोक, अनिल, अजित आणि अतुल, त्याच व्यवसायात वडिलांसोबत होते. चढ आणि उतार दोन्ही त्यांनी एकाच छताखाली पाहिले. अशी शिकवण कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही.

आता घरातल्या मोठ्या भाऊंकडे वळू. 2005 मध्ये त्यांच्या धर्मपत्नी कांताबाई गेल्या. त्यानंतर या उद्योगपतीने ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिले. आपल्या पेठेतील पाट्या वाचत गेलो तर काय दिसते? अमुक अँड सन्स, तमुक ब्रदर्स. पहाटेपासून रात्रीपर्यंत जिने घर तोलले, पाहुण्यांची ऊठबस केली, दुकानातील माणसांचे डबे भरले, तिचे नाव पाटीवर नसते, वहीतही नसते. अशा समाजातील एका वयोवृद्ध व्यापाऱ्याने आपल्या संसाराविषयी मोकळेपणाने लिहावे, पत्नीचे ऋण चारचौघांत मान्य करावे, हे माझ्या मते त्यांच्या कारखान्यांइतकेच मोठे काम आहे. नातवंडांना आजीची ओळख आजोबांच्या शब्दांत मिळाली. आज गिरणेवरील बंधाऱ्यालाही कांताईंचे नाव आहे.

‘काम हेच जीवन’ हे त्यांचे आवडते सूत्र. ते ऐकून कोणाला वाटेल की हा माणूस रूक्ष असावा. परंतु कविवर्य ना. धों. महानोर हे त्यांचे जिवलग स्नेही. दोघेही अजिंठ्याच्याच परिसरातले, एक पळसखेड्याचा कवी-शेतकरी, दुसरा वाकोदचा व्यापारी. एकाने पाऊस कवितेत आणला, दुसऱ्याने उजाड टेकडीवर अडवला. जळगावजवळच्या ज्या माळरानावर गवतही नीट उगवत नव्हते, तेथे समतल चर खोदून, पाणी जिरवून, झाडे लावून जैन हिल्स उभी राहिली. मैत्री, साहित्य आणि शेती यांची ही मैफल त्यांनी कामाच्या जागीच जमवली; आनंदासाठी वेगळी सुट्टी काढावी लागली नाही.

2012 मध्ये त्याच टेकडीवर गांधी तीर्थ साकारले. त्यासाठी वापरलेला दगड जोधपूरचा. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या मुलखातून पूर्वज रिकाम्या हाताने निघाले, तेथूनच नातवाने दगड मागवून खानदेशात उभारणी केली, हा योगायोग असेलही. मला मात्र त्यात पणजोबांच्या पाऊलवाटेची आठवण दिसते. जळगावातील गरीब घरांतील मुलांसाठी अनुभूती शाळाही त्यांच्याच हयातीत सुरू झाली.

25 फेब्रुवारी 2016 रोजी मुंबईत मोठ्या भाऊंचे निधन झाले. धंद्याचे चढउतार त्यांच्या पश्चातही कुटुंबाला चुकले नाहीत. परंतु श्रावणी अमावास्येला जैन हिल्सवरचा पोळा अजूनही थाटात होतो. बैलांना न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, पाठीवर झूल चढते, सालदारांचा सत्कार होतो, ढोल घुमतो. मग तोरण फोडायला बैल धावतात, आणि कारखान्यातली माणसे, शाळेतली मुले, जैन परिवारातील मंडळी एकाच धुळीत उभी राहून ओरडत असतात.