नॉटिलस : स्टीलच्या घड्याळाचा भाव

जिनिव्हाच्या पाटेक फिलिपने १९७६ साली ‘नॉटिलस’ बाजारात आणलं, तेव्हा जगातल्या सर्वांत महागड्या घड्याळांपैकी एक स्टीलचं आहे, अशी जाहिरातच केली होती. कंपनी १८३९ ची, नाव सोन्याच्या नाजूक घड्याळांसाठी झालेलं. त्यात जपानी क्वार्ट्झ घड्याळांमुळे स्विस कारखान्यांना टाळी लागत होती. धाडसच होतं ते.

आराखडा जेराल्ड जेंटा यांचा. जहाजाच्या गोल खिडकीवरून घेतलेला. दोन्ही अंगांना दिसणारे ‘कान’ म्हणजे त्या खिडकीच्या बिजागऱ्या. काचेभोवतीचं कडं भिंगाखाली धरून पाहावं. सपाट माथा एकाच दिशेने घासून मंद ठेवलेला, उतरती कड मात्र लखलखीत. या दोहोंमधली रेघ कुठेही पुसट होता कामा नये, आणि स्टीलसारख्या चिवट धातूवर ती राखणं फार जिकिरीचं. २००६ मध्ये आलेल्या ५७११ या मॉडेलमध्ये बरीच वर्षं बसवलेलं ‘३२४’ हे यंत्र २१३ भागांचं, तरी जाडी जेमतेम ३.३ मिलिमीटर. या कामाचे कंपनीने भरपूर पैसे मागावेत. मला ते रास्तच वाटतात.

खटकतं ते पुढचं. स्टीलची घड्याळं कंपनी मुद्दाम मोजकीच काढते. पैसे मोजायची तयारी असली तरी ५७११ मिळेलच असं नसे. दुकानदार आधीची खरेदी बघत, जुन्या गिऱ्हाइकांनाही वर्षानुवर्षं थांबावं लागे. मग ज्याला मिळालं त्याने ते चढ्या भावाने विकावं, हे ओघानेच आलं. २०२१ च्या सुरुवातीला मॉडेल बंद होणार हे कळलं आणि सुमारे ३५ हजार डॉलरच्या घड्याळाला लाखावर डॉलर मोजले जाऊ लागले. त्याच डिसेंबरात टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्यासाठी काढलेल्या निळ्या तबकडीच्या १७० नगांपैकी एक न्यूयॉर्कच्या लिलावात ६५ लाख डॉलरना गेला. छापील किंमत बावन्न हजारांच्या आसपास होती. ते पैसे निसर्गसंवर्धनाला मिळाले, हे उत्तमच झालं. पण तबकडीखालचं यंत्र नेहमीचंच होतं. एवढा भाव कारागिरीचा नव्हे, टंचाईचा. २०२२ मध्ये बाजार उतरला आणि केवळ गुंतवणूक म्हणून चढ्या भावात शिरलेल्यांचे हात पोळले.

जिनिव्हाला जाणं झालं तर कंपनीचं संग्रहालय जरूर पाहा. २००१ साली उघडलेल्या या वास्तूत पाच शतकांतली घड्याळं मांडली आहेत, आणि साधं तिकीट काढून कुणालाही ती जवळून पाहता येतात.