माशांच्या खाद्यात लसूण आणि आघाडा

नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, ऊस आणि दुधासाठी ओळखला जातो. पण मुळा व भंडारदरा धरणांचे जलाशय आणि गावोगावची शेततळी यांमुळे येथे गोड्या पाण्यातील मासळीचाही धंदा आहे. आपल्यापैकी कोणी मासळी विकतो, कोणी जाळी विणतो, कोणी खाद्याचे वा जडीबुटीचे दुकान चालवतो. तळ्यात रोग शिरला की या सर्वांचीच उधारी अडकते.

रोहू, कटला, मृगळ या माशांना सतावणारा एक जंतू म्हणजे एरोमोनास. तो पाण्यात एरवीही असतो. दाटी झाली, पाणी बिघडले, मासा अशक्त झाला की तो जोर धरतो. अंगावर लाल चट्टे व जखमा दिसतात, पोट फुगते, मासे मरू लागतात. अशा वेळी घाईने अँटिबायोटिक टाकण्याकडे कल असतो. त्याने पुढे जंतू औषधाला दाद देत नाहीत आणि औषधाचा अंश मासळीत उतरतो. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान ही औषधे तर माशांसाठी बंदच आहेत.

यावर वनस्पतींचा उपाय शास्त्रज्ञांनी तपासला आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेतील शास्त्रज्ञांनी रोहूच्या खाद्यात दर किलोस 1, 5 व 10 ग्रॅम लसूण मिसळून 60 दिवस दिला. त्यांचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले. लसूण खाल्लेले मासे एरोमोनासची लागण केल्यावर जास्त संख्येने वाचले. आपल्या बांधावर उगवणाऱ्या आघाड्याचे बी दर किलो खाद्यात 5 ग्रॅम दिल्यावरही रोहूची प्रतिकारशक्ती वाढल्याचे दिल्लीतील संशोधनात दिसले. अशा वनस्पतींमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी जंतू गिळण्यास अधिक तत्पर होतात.

हिशेब सोपा आहे. पाव किलोचे 1000 मासे म्हणजे 250 किलो वजन. रोज वजनाच्या 2 टक्के खाद्य धरल्यास 5 किलो खाद्य लागते. त्यात किलोमागे 10 ग्रॅमप्रमाणे 50 ग्रॅम लसूण, म्हणजे 60 दिवसांत 3 किलो. लसूण वाटून थोड्या तेलात कालवावा, खाद्यावर चोळावा, सावलीत सुकवून त्याच दिवशी घालावा. लसूण शिजवू नये. उष्णतेने त्याचा गुण कमी होतो.

जडीबुटीच्या व्यापाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, चूर्ण आणि अर्क एक नव्हेत. अर्क तीव्र असतो, म्हणून चूर्णाचे माप अर्काला लावू नये. दुसरी, जास्त मात्रा म्हणजे जास्त फायदा नव्हे. प्रमाण चुकल्यास उलट परिणामही होतो. तिसरी, रोग बरा करणारे औषध म्हणून माल विकायचा तर परवाना लागतो.

हा उपाय रोगाच्या आधीचा आहे. जखमा दिसू लागल्यावर लसणावर भरवसा ठेवून थांबू नये, मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास मासा दाखवावा. घाण पाणी व दाटी यांवर कोणतीही वनस्पती उतारा नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच स्पष्ट सांगणारा दुकानदार एखादी विक्री गमावेल, पण पुढच्या हंगामात तेच गिऱ्हाईक त्याच्याकडे परत येईल.